बाबा आणि शेरू: चित्र काढायचं ते नेमकं कशाचं?

प्रश्न राजारामपुरीतल्या एका ताईंचा आहे. वडील एसटीतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले, येत्या दिवाळीत पंचाहत्तर पूर्ण करतील. त्यांचा शेरू हा गावठी कुत्रा तेरा वर्षांचा आहे; मागचे पाय आखडलेत, डोळ्यांत निळसर झाक आलीय. घरच्यांनी वडिलांचं तैलचित्र करून घ्यायचं ठरवलं, तर ते म्हणाले, "माझं एकट्याचं नको. शेरू पाहिजे संगं." ताईंनी चार फोटो पाठवलेत आणि तीन गोष्टी विचारल्यात. मोबाईलच्या फोटोंवरून चित्र नीट होतं का, की सरळ फोटोच कॅनव्हासवर छापून घ्यावा? दोघांमधला जिव्हाळा चित्रात खरंच उतरतो, की नुसते शेजारी शेजारी दोन चेहरे येतात? आणि शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली आहे, तर आपणच हात चालवून बघावा का?

ताई, तुमच्या वडिलांनी एका वाक्यात चित्राचा विषय सांगून टाकलाय. आम्हाला तो शोधायला कधीकधी आठ-आठ दिवस लागतात. म्हणून मधला प्रश्न आधी घेतो. तो सुटला की बाकीचे दोन सोपे आहेत.

दोन चेहरे येतात ही तुमची भीती खरी आहे. बहुतेक चित्रांत तेच होतं. माझंही झालंय. मी नुकतं व्यक्तिचित्रांचं काम घ्यायला लागलो होतो तेव्हा गंगावेशीकडचे एक वयस्क पैलवान आले. त्यांच्या कुत्र्याचं नाव मोत्या. त्यांनी स्टुडिओत काढलेला फोटो दिला: वस्ताद खुर्चीवर, मोत्या शेजारी, दोघंही समोर बघतायत, लग्नातल्या फोटोसारखे. मी महिनाभर राबलो. मोत्याचा केस न् केस काढला. कान फोटोत नीट दिसत नव्हते, म्हणून माझ्या अकलेनं दोन्ही सारखे, ताठ करून टाकले. चित्र बघायला आले तेव्हा वस्ताद बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "चित्र झ्याक हाय. पण ह्यो मोत्या न्हवं."

मोत्याचा डावा कान भांडणात फाटलेला होता, हे मला नंतर कळलं. पण चूक कानापुरती नव्हती. वस्ताद निघताना दारात चप्पल घालायला वाकले. मोत्या बाहेर बांधलेला होता, तो आला आणि त्यांच्या पोटरीला अंगाची एक बाजू टेकवून उभा राहिला. सगळा भार त्यांच्यावर. वस्तादांनी खाली बघितलंसुद्धा नाही. हात आपोआप गेला आणि त्या फाटक्या कानावर जाऊन थांबला. महिनाभर मी जे काढायला पाहिजे होतं ते दारात दहा सेकंदांत होऊन गेलं. दुसरं चित्र मी फुकट करून दिलं, तेच दारातलं.

तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की मी चेहऱ्याचं नंतर विचारतो. पहिला प्रश्न असतो, तो तुमच्या कुठल्या बाजूला बसतो? माणूस हसतो, पण क्षणाचाही विचार न करता उत्तर देतो. डाव्या बाजूला, दाराकडं तोंड करून. नाहीतर खुर्चीच्या मागं, शेपूट बाहेर काढून. चित्र तिथून सुरू होतं. जिव्हाळा तोंडावर शोधायला गेलात तर हाती फक्त हसू लागतं. भार कुणावर टाकलाय, हात कुठं थांबलाय, दोघं कुठं बघतायत, या तीन जागा सापडल्या की चेहरे जरा कच्चे राहिले तरी चालतात.

जुन्या लोकांना हे चांगलं ठाऊक होतं. घरात खंडोबाचा टाक असला तर देव्हाऱ्यातून काढून उजेडात धरा. दोन-अडीच इंचाचा चांदीचा पत्रा. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा आणि घोड्याच्या पायांत एक कुत्रा. कित्येक टाकांवर तो कुत्रा म्हणजे ठोकून उठवलेल्या चार-सहा रेघा, धड डोळासुद्धा नाही. तरी तो कुणाचा हे सांगावं लागत नाही, कारण तो घोड्याबरोबर त्याच दिशेला पळतोय.

नृसिंहवाडीला पूजा पादुकांची, पण बाहेरच्या दुकानांतल्या तसबिरींत तीन शिरांचे दत्त, मागं गाय आणि पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं आजी सांगायची. मला तेव्हा वेदांशी काही देणंघेणं नव्हतं, मी कुत्री मोजायचो. आमच्या घरच्या तसबिरीत तीन कुत्री देवाकडं बघतात आणि चौथं बाहेर, आपल्याकडं. मला वाटायचं, त्याचं लक्ष नाही. पुढं स्वतः कुत्री काढायला लागल्यावर कळलं की ज्यानं कुणी ते काढलं त्याच्या दारात नक्की कुत्रं असणार. चारांतलं एक कायम दाराकडं बघत असतं.

आणि वीरगळ. आपल्याकडं देवळाबाहेर, गावाच्या वेशीला जे लढणाऱ्या माणसांचे दगड उभे असतात ते. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला असा एक दगड कुत्र्यासाठी उभारलेला होता. काळ साधारण इ.स. ९५०, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा. गंग राजा बूतुग यानं मणलेर नावाच्या शूर सरदाराला लढाईतल्या पराक्रमाबद्दल काय पाहिजे ते माग म्हटलं, तर त्यानं राजाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढं एका मोठ्या रानडुकराशी झुंजताना काळी आणि डुक्कर दोघंही मेले. मणलेरनं दगड उभारला, त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली आणि पूजा चुकवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल असंही कोरून ठेवलं. तो दगड आता बंगळूरच्या संग्रहालयात आहे. वर झुंजणारा कुत्रा आणि डुक्कर, बाकी अक्षरंच अक्षरं. मणलेर स्वतः त्या झुंजीच्या चित्रात नाही. (रायगडावरच्या वाघ्याच्या शिल्पाचा वाद तुमच्या मनात आला असेल. ते स्मारक १९३६चं. त्यामागच्या कथेला पुरावा काय, हा इतिहासकारांचा प्रश्न, त्यात मी पडत नाही.)

परदेशातली तीन चित्रं सांगतो, तिन्ही फोनवर शोधून बघा. तिशियननं १५३३मध्ये काढलेला सम्राट पाचवा चार्ल्स: शेजारी थोराड कुत्रा, राजाचा हात त्याच्या पट्ट्यात. उत्तम रंगकाम. पण तो हात धरणाऱ्याचा आहे, वस्तादांच्या हातासारखा आपसूक गेलेला नाही. कुत्रा राजाचा मान वाढवायला उभा आहे. याच्या उलट लँडसीयरचं १८३७चं चित्र. म्हातारा मेंढपाळ गेलाय, खोलीत कुणी नाही, शवपेटीवर घोंगडी टाकलीय आणि कुत्र्यानं त्या पेटीवर हनुवटी टेकवलीय. माणूस दिसतच नाही.

तिसरं तुमच्या बाबांना दाखवा, ते लगेच ओळखतील. ग्रामोफोनच्या कर्ण्याकडं कान लावून बसलेला कुत्रा. आपल्या पिढीच्या घराघरांत तो तबकडीवर गोल गोल फिरला. चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड, कुत्र्याचं नाव निपर, तो मूळ बॅरॉडच्या भावाचा. भाऊ वारल्यावर तो या घरी आला. गंमत अशी, की निपर १८९५ला मेला आणि चित्र पुरं झालं १८९८ला. कुत्रा समोर नसताना. आधी त्यात सिलिंडरवर वाजणारा जुना फोनोग्राफ होता. १८९९मध्ये ग्रामोफोन कंपनीनं चित्र घेताना त्यावर ग्रामोफोन रंगवून घेतला, आणि मूळ चित्रात खालचं जुनं यंत्र अजून अंधुक दिसतं म्हणतात. यंत्र बदललं तरी चित्राला धक्का लागला नाही. सगळी जान मान किंचित कलती करून ऐकण्यात आहे. इथंही मालक चौकटीबाहेर.

आणि कोल्हापूरच्या माणसाला बाबूराव पेंटरांचं नाव घेतल्याशिवाय चित्रावर बोलता येत नाही. पडदे रंगवणारा हा माणूस सिनेमाकडं गेला तरी डोळा चित्रकाराचाच राहिला. त्यांच्या १९३६च्या बोलत्या 'सावकारी पाश'मधलं एक दृश्य जे. बी. एच. वाडियांसारख्या मुंबईच्या निर्मात्याला जन्मभर आठवत राहिलं: लांबून दिसणारी एक उदास झोपडी, अंधुक उजेड आणि फक्त कुत्र्याचं विव्हळणं. घराची अवस्था सांगायला त्यांना कुत्र्याचा आवाज पुरला.

आता तुमचे फोटो.

पहिला वाढदिवसाचा. शेरूच्या डोक्यावर कागदी टोपी, फ्लॅश मारलेला, डोळे हिरवे चमकतायत. कुत्र्याच्या डोळ्याच्या मागं उजेड परतवणारा थर असतो, त्याची ही करामत. चित्राच्या कामाचा नाही. दुसरा बाबांचा, इस्त्रीचा शर्ट, शेरू साखळीला, दोघंही तपासणीला उभे राहिल्यासारखे. बाबांच्या चेहऱ्यासाठी उपयोगी, उजेड खिडकीतून एका बाजूनं आलाय, ठेवा. तिसरा सेल्फी, त्यात शेरूचं नाक बटाट्याएवढं झालंय. मोबाईल जवळ नेला की पुढचं मोठं आणि मागचं बारीक होतं. नवशिके चित्रकार तसंच्या तसं उतरवतात आणि मग लोक म्हणतात, काहीतरी चुकलंय. सहा-आठ फूट मागं सरा, मग झूम करा.

चौथा फोटो तुम्ही चुकून पाठवला असणार, खाली "हा ब्लर आहे, सोडा" असं लिहिलंय. सोडायचा कसा? बाबा अंगणात पाटावर बसलेत, बनियन आणि लेंगा, समोर सायकल उलटी केलेली, आणि शेरू हत्यारांच्या मधोमध झोपलाय. त्याची हनुवटी पान्ह्यावर. बाबांच्या उजव्या पायाचा अंगठा शेरूच्या पाठीला लागलाय. बाबांचं लक्ष चेनमध्ये, शेरू झोपेत. एकमेकांकडं कुणी बघत नाही. आणि तो पान्हा बाबांना पाहिजे असणार बघा, कारण त्यांचा डावा हात त्याच्याकडं जाऊन अर्ध्यावर थांबलाय. कुत्र्याची झोप मोडेल म्हणून थांबलेला हात. ताई, हेच चित्र. पंचाहत्तरीला दुसरं शोधू नका.

फोटो हलला असला तरी बिघडत नाही. बसण्याची ठेवण यातून घ्यायची, चेहरा दुसऱ्या फोटोतून आणि उरलेलं नव्यानं टिपायचं. त्यासाठी या आठवड्यात एवढं करा. सकाळी नऊ-साडेनऊला, एकाच बाजूनं उजेड येतो अशा जागी, बाबांना काहीतरी दुरुस्त करायला द्या. मिक्सर चालेल, कुकरचं झाकण चालेल. फोटो काढतोय हे सांगू नका, नाहीतर शर्ट बदलायला आत जातील. तुम्ही जमिनीवर बसा, मोबाईल शेरूच्या डोळ्यांच्या उंचीवर धरा. उभं राहून घेतलेल्या फोटोत कुत्रा नेहमी लाचार दिसतो, कारण त्याला मान वर करून बघावं लागतं. पंधरा-वीस मिनिटं बसा. दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओही घ्या. व्हिडिओतनं काढलेलं चित्र फोटोइतकं स्वच्छ नसतं, पण हाताची सवय त्यात सापडते. पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, तो आक्रसतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

शेरूला उचलून, ताणून बसवू नका. आखडलेल्या पायांचा कुत्रा दोन मिनिटं ताठ बसतो आणि मग दिवसभर दुखतं. म्हाताऱ्या कुत्र्याच्या चित्रात मी माणसालाच खाली आणतो: पाट, पायरी, चटई. तुमच्या चौथ्या फोटोत ते आपोआप झालंय. डोळ्यांतली निळसर झाकही चित्रकाराला "दुरुस्त" करू देऊ नका. तोंडावरचे पांढरे केस, ती झाक, घासून टक्कल पडलेले कोपर, हे सगळं बाबांच्या हाताला रोज लागतं. ते काढून टाकलं तर त्यांचा शेरू जाऊन दुकानातला कुत्रा येतो.

एक गोष्ट जरा स्पष्टच बोलतो. दिवाळीपर्यंत शेरूचं कसं असेल हे कुणी सांगू शकत नाही. म्हणून चित्र कधीही होवो, फोटो आत्ता घ्या. निपरचं वर सांगितलंच.

कॅनव्हासवर छापायचं म्हणाल तर त्यात वाईट काही नाही, पण ते फोटो म्हणूनच छापा. साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा मूळ फोटो वीस इंच रुंदीपर्यंत चांगला येतो, त्यापुढं जवळून फुटलेला दिसतो. वर ब्रशच्या फटकाऱ्यांचा भास देऊन "ऑइल पेंटिंग" म्हणून जे मिळतं ते मात्र नको. कुठलंही ॲप सगळ्या चित्रावर सारखे फटकारे मारतं. बाबांच्या बोटांवरही तेवढेच आणि मागच्या भिंतीवरही तेवढेच. चित्रकार जिथं थांबायचं तिथं थांबतो आणि भिंत दोन हातांत उरकतो. हल्ली कुत्र्याला राजाचा अंगरखा आणि फेटा घातलेली चित्रंही निघालीत. मुलांच्या खोलीत गंमत म्हणून लावा.

तैलरंग आत्ताच सांगायला हवेत. आषाढ चालू आहे, पावसात रंग वाळायला वेळ घेतात. दोन आकृत्यांचं २४ बाय ३० इंचांचं आडवं चित्र मला सहा ते आठ आठवडे लागतं. दिवाळीत हातात पडेल, पण वार्निश नाही. ते सहा महिन्यांनी, रंग आतपर्यंत वाळल्यावर. तोपर्यंत काच लावू नका. कागदावरचं काम असलं, चारकोल किंवा पेस्टल, तर काच लागतेच, पण माउंट देऊन काच कागदापासून लांब ठेवायला सांगा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात काचेला चिकटलेल्या कागदाला बुरशी धरते. बाहेरच्या ओल येणाऱ्या भिंतीवर कुठलंच चित्र नको. आणि दराचं: आकार आणि आकृत्या यांवर तो ठरतो. कुत्र्याला अर्धी आकृती धरून घासाघीस करू नका. शर्टाच्या घडीपेक्षा शेरूच्या पाठीला जास्त वेळ लागतो.

आता तुमचा तिसरा प्रश्न. काढा. मोठं चित्र दुसऱ्याकडनं करून घेतलंत तरी तुम्ही काढा, कारण रोज दहा मिनिटं शेरूसमोर बसलात की चित्रकाराला काय सांगायचं ते तुम्हालाच कळेल. झोपलेल्या कुत्र्यासारखा मॉडेल नाही. पैसे मागत नाही, हलला तरी परत तसाच झोपतो.

नवशिक्याची पहिली चूक मागच्या पायात होते. मध्ये जो मागच्या बाजूला वळलेला सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, ती टाच आहे. कुत्रा चवड्यावर चालतो. खरा गुडघा वर, पोटाजवळ असतो. हे एकदा डोक्यात बसलं की पाय आपोआप जागेवर येतात. शेरू झोपलेला असताना हळूच हात लावून बघा, टाचेचं हाड बोटाला लागेल.

दुसरी चूक केसांची. आधी केस दिसतात म्हणून आधी केस काढले जातात, आणि कुत्र्याची केरसुणी होते. डोळे किलकिले करून बघा: शेरूच्या अंगावर दोन-तीनच ढोबळ पट्टे आहेत, उजेडाचा, सावलीचा आणि मधला. चारकोल आडवा धरून ते भरा. केस काढायचे फक्त कडेला आणि जिथं उजेड सावलीत वळतो तिथं. रंगात करायचं झालं तर त्याच्या तांबूस पिवळ्याला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना पुरेल. सावलीत काळा घालू नका, मळकट होतो. अल्ट्रामरीनचा थोडा हात द्या. नाकाच्या शेंड्यावर ओलेपणाची एक बारीक चमक असते, ती अगदी शेवटी. मिशा त्याहून शेवटी, एकेका ओढीत. हात थरथरला तर पुसा आणि चहा पिऊन या.

डोळ्यांबद्दल एक. कुत्र्याच्या डोळ्यात पांढरं फार थोडं दिसतं. चहूबाजूंनी पांढरं काढलंत तर तो घाबरलेला वाटेल. आणि भुवयांचा आतला कोपरा वर उचलून केलेली ती केविलवाणी नजर, जी बघून आपण बिस्कीट देतो, तिला जरा जपून वापरा. ती खरी आहे. २०१९मध्ये संशोधकांनी कुत्रा आणि लांडगा यांचे चेहरे तपासून दाखवलं की भुवई उचलणारा तो स्नायू कुत्र्यांत चांगला घडलेला असतो, लांडग्यांत नसल्यातच जमा. माणसाच्या सहवासात ही नजर घडली असावी, असं त्यांचं म्हणणं. पण बाजारातली निम्मी कुत्र्यांची चित्रं या एका भुवईवर चालतात. तुमचा शेरू झोपलाय, तुम्हाला तिची गरज नाही.

हात बसायला सकाळी रंकाळ्यावर जा. फिरायला येणाऱ्यांना ओळखणारी कुत्री तिथं असतात. कुणाला बघून उठतात, कुणाला बघून फक्त शेपूट हलवतात, तेवढं टिपा. एका पानावर दहा-बारा, प्रत्येकाला अर्धं मिनिट. पुरं करायला जाऊ नका.

मला स्वतःला सगळ्यात मोठा धडा एका धनगरानं दिला. कागलच्या रस्त्याला कापणी झालेल्या रानात मेंढरं बसवली होती. दुपारची वेळ, म्हातारा घोंगडं पांघरून आडवा झालेला, कुत्रं घोंगड्याच्या कडेवर. मी बांधावर बसून रेखाटन केलं. कागदाच्या सोयीसाठी कुत्र्याचं तोंड मी म्हाताऱ्याकडं वळवलं. दोघं एकमेकांकडं तोंड करून झोपलेत, बघायला बरं दिसतं. म्हातारा उठला, चिलीम काढली, माझ्या मागं येऊन उभा राहिला. म्हणाला, "कुत्रं बराबर हाय. पण त्याचं तोंड मेंढरांकडं पायजे. माझ्याकडं बघत झोपलं तर मी झोपीन कसा?"

ते पान अजून माझ्याकडं आहे, खोडलेलं तोंड तसंच ठेवलंय.

शेरूच्या चित्रातही हा मोह होईल, तुम्हाला किंवा ज्यांच्याकडं काम द्याल त्यांना. घरातलं कुणीतरी म्हणेलच, बाबांना जरा शेरूकडं बघताना दाखवा की. नको. बाबांची नजर चेनवरच राहू द्या आणि शेरूचे डोळे मिटलेले. अंगठा आणि अर्ध्यावर थांबलेला हात, एवढ्या दोन जागा चित्रकाराला बोट ठेवून दाखवा आणि तिथं सगळ्यात जास्त वेळ द्यायला सांगा. सायकल कमी तपशिलात चालेल. मागची भिंत, तुळस, बादली, सगळं सैल सोडा.

काम माझ्याकडंच द्यायचं ठरलं तर मंगळवार पेठेत रविवारी दुपारपर्यंत असतो. येताना शेरूचा पट्टा घेऊन या. तुमच्या फोटोंत तो एकदा लाल, एकदा किरमिजी आणि एकदा चक्क तपकिरी दिसतोय, खरा रंग डोळ्यांनी बघायचाय. तो पान्हाही आणा. आणि किती नंबरचा आहे ते बाबांना न कळता बघून ठेवा, कारण मेकॅनिक माणूस चित्रात पहिल्यांदा तेच तपासणार.